रबर तेच, बांधणी बदला!

रील पाहून रबरी अळ्यांचं पाकीट मागवलं, गाडीवर डबल सीट बसून धरणावर गेलात आणि तासाभरात सगळं पाकीट बाभळीच्या खोडांना अर्पण झालं? दोष रबराचा नाही, मासोळीचाही नाही. ते रबर गळात ओवायचं कसं, तिथे सगळी मेख आहे.

यूट्यूबवर तो माणूस काय करतो, आठवून पाहा. अमेरिकेतल्या एखाद्या तळ्याच्या काठावर उभा राहतो, रबरी अळी पाण्यात फेकतो, काठीला दोन हलके झटके देतो आणि भलामोठा बास ओढून काढतो. तुम्ही पुसदला पूस धरणाच्या काठावर तेच करता. पहिल्या फेकीत गळ अडकतो बुडालेल्या झुडपात, दुसऱ्या फेकीत येतो शेवाळाचा गोळा, तिसऱ्या फेकीत दोरीच तुटते. मग सोबतचा मित्र निकाल देऊन मोकळा होतो, ‘‘सोड ना बे, आपल्याकडं नाही चालत हे!’’

चालतं. पण त्या रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. त्याच्या अळीत गळाचं टोक कुठे आहे, शिसं कुठे आहे आणि अळी तळावर लोळतेय की अधांतरी तरंगतेय, हे कॅमेऱ्यात येत नाही. या मांडणीला म्हणतात ‘रिग’. आपण बांधणी म्हणू. एकच रबर पाच-सहा प्रकारे बांधता येतं आणि प्रत्येक बांधणी वेगळ्या पाण्यासाठी असते. नवीन रबर विकत घेण्याआधी हातातल्या रबराची बांधणी बदलून पाहा. कॉलेजच्या पॉकेटमनीत बसणारा छंद हाच आहे.

बास नाही, पण मरळ आहे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. तो आपल्या धरणांत नाही आणि नसलेलाच बरा. जपानमध्ये १९२५ साली तो हौसेने आणून सोडला गेला. पुढे त्याने तिथल्या स्थानिक मासोळ्यांचा असा फडशा पाडला की २००५ पासून जिवंत बास बाळगणं आणि इकडून तिकडे नेणं यावरही तिथे कायद्याने बंदी आली. त्यामुळे कुणी ‘बासची पिल्लं आणू या’ म्हणालं, तर त्याला हात जोडा.

आपल्याकडे त्याच्या तोडीचा शिकारी आधीपासून आहे. मरळ! सापासारखं डोकं, लांबट अंग, गवताच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून काही हललं की झडप घालायची. पैनगंगेच्या पलीकडच्या तेलंगणात तर मरळीला राज्यमाशाचा मान आहे. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. तिला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते. शांत पाण्यावर अचानक एक वर्तुळ उमटलं, एखादा बुडबुडा फुटला, की समजा तिथे कुणीतरी आहे. गळ टाकण्याआधी दहा मिनिटं नुसतं पाणी बघत बसा. ही दहा मिनिटं कुठल्याही महागड्या काठीपेक्षा जास्त कामाची.

खोल पाण्यात शिवडा आणि शिंगाडा हेही मांसाहारी. तेही रबराला तोंड लावतात. रोहू आणि कटला मात्र या खेळात नाहीत. त्यांचा आहार वेगळा, त्यांना कणकेचा गोळाच हवा. त्यामुळे रोहूच्या घाटावर रबर फेकत बसू नका.

टेक्सासच्या धरणात बाभळी नव्हत्या, पण झाडं होतीच

रबरी अळीचा जन्म कारखान्यात नाही, स्वयंपाकघरात झाला. १९४९ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन गावी, निक क्रीम नावाच्या माणसाने बायकोच्या मदतीने घरच्या शेगडीवर प्लास्टिक वितळवून गांडुळाच्या साच्यात ओतलं. गांडूळ हुबेहूब झालं. पुढे या क्रीम मंडळींचं बस्तान टेक्सास राज्यातल्या टायलर गावी बसलं.

त्या काळात टेक्सासमध्ये एकामागून एक नवी धरणं भरत होती. पाण्याखाली गेलेली झाडं तशीच उभी. बास त्या झाडांत लपलेला आणि उघड्या टोकाचा गळ टाकला की तो पहिल्या फांदीत अडकलेला. अगदी तुमच्यासारखीच अडचण! तिथल्या गळकऱ्यांनी त्यावर साधी युक्ती काढली. गळाचं टोक अळीच्या अंगातच लपवायचं. फांदीला लागलं तर रबर घसरून पुढे जातं, माशाने चावलं तर रबर दबतं आणि टोक बाहेर येतं. हीच टेक्सास रिग.

आता आपल्याकडे बघा. पुसदच्या वरच्या अंगाला पूस धरण, खाली महागावच्या बाजूला निम्न पूस. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा काठची बाभूळ, बेशरम आणि गवत पाण्याखाली जातं. मरळ बरोब्बर तिथेच येऊन बसते. म्हणजे टेक्सासचं उत्तर पुसदलाही जसंच्या तसं लागू पडतं.

टेक्सास रिग : हात बसेपर्यंत घरीच करा

लागतं काय? तीन ते चार इंचांचं रबर, खांद्यापाशी दोनदा वाकवलेला ‘ऑफसेट’ गळ (दुकानात २/० नंबर मागा), बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं पाच ते सात ग्रॅमचं वजन आणि मजबूत वेणीची दोरी. मरळ गवतात घुसली की बारीक तंगूस टिकत नाही, म्हणून ३० ते ४० पौंडांची वेणीची दोरी घ्या.

१. वजन दोरीत ओवा. निमुळतं टोक काठीच्या दिशेला हवं.

२. गळ बांधा. पालोमार गाठ सगळ्यात सोपी. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढा, साधी गाठ मारा, तयार झालेल्या फासातून अख्खा गळ काढा, थुंकीने ओलं करून ओढा. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाने दोरी कमजोर होते.

३. गळाचं टोक रबराच्या नाकात अर्धा सेंटीमीटर घाला आणि हनुवटीतून बाहेर काढा.

४. रबर वर सरकवत गळाच्या डोळ्यापर्यंत न्या, मग गळ अर्धा फिरवा. आता टोक रबराच्या पोटाकडे वळलेलं दिसेल.

५. गळ रबराशेजारी सरळ धरा. वाकण जिथे येतं, तिथेच पोटातून टोक घालून पाठीवर काढा. नंतर टोक पाठीच्या पातळ सालीत किंचित खुपसून ठेवा.

६. शेवटची तपासणी. रबर लोंबतं सोडून बघा. ते काडीसारखं सरळ हवं. मधे फुगलं किंवा वाकलं असेल तर पाण्यात ते भिंगरीसारखं फिरेल, दोरीला पीळ पडेल आणि मासा जवळसुद्धा येणार नाही. दहापैकी आठ जणांचं इथेच चुकतं. काढा आणि पुन्हा घाला.

गवत दाट असेल तर वजन रबरापासून सुटून भलतीकडे जातं. वजनाच्या भोकात टूथपिक खुपसून मोडा. वजन जागच्या जागी बसेल.

फेकल्यावर रबर तळाला जाऊ द्या. काठीचं टोक हळू वर करा, पुन्हा खाली सोडा. बहुतेक वेळा मासा रबर खाली पडतानाच घेतो. ‘टक’ असं जाणवलं की लगेच झटका देऊ नका. काठी खाली करा, सैल दोरी गुंडाळून घ्या आणि मग जोर लावून ओढा. इथे टोकाला आधी रबर फाडून बाहेर यायचं असतं, त्यामुळे नाजूकपणा कामाचा नाही.

वजनच काढून टाका

पाणी कमरेएवढं आणि वर जलपर्णीचा किंवा शेवाळाचा थर असेल, तर टेक्सास रिगमधलं वजन काढून टाका. ओवायची पद्धत तीच, फक्त शिसं नाही. शेपूट वळवळणारं रबर किंवा रबरी बेडूक असा बांधला की तो पानांवरून सरपटत जातो आणि मोकळ्या जागेत आला की हळूच बुडतो. हवा घ्यायला वर आलेल्या मरळीला हे दृश्य फार आवडतं. पाणी फुटल्याचा आवाज ऐकून हात शिवशिवतो, पण मनात ‘एक, दोन’ म्हणा आणि मगच ओढा. घाई केलीत तर रबर तुमच्या अंगावर येईल आणि मरळ पाण्यातच राहील.

जिवंत बेडूक गळाला लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती सोडून द्या. बेडूक शेतातल्या किडींचा मोठा शत्रू. बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, त्यामागे ही काळजी होतीच. रबरी बेडूक दहा वेळा वापरता येतो आणि कुणाचा जीवही जात नाही.

वॅकी : अळीच्या कमरेत गळ

ही बांधणी पहिल्यांदा पाहिली की हसू येतं. सरळ काडीसारखी अळी घ्यायची आणि गळ नाकात न घालता बरोबर मध्यात आडवा घालायचा. पाण्यात पडताना अळीची दोन्ही टोकं पंखांसारखी फडफडतात. तुम्ही काहीही करायचं नाही, नुसतं पडू द्यायचं. गवताच्या कडेला, घाटाच्या पायऱ्यांपाशी, पुलाच्या सावलीत, म्हणजे पाणी मोकळं आणि मासा लाजरा असेल तिथे वॅकी भारी.

एक तोटा आहे. गळ उघडा असल्याने झुडपात अडकतो आणि अळी मधोमध लवकर फाटते. त्यावर उपाय म्हणून प्लंबिंगच्या दुकानातली लहान रबरी रिंग अळीच्या कमरेत चढवा आणि गळ त्या रिंगखालून घाला. एक अळी दुप्पट टिकेल.

याच अळीच्या एका टोकात बारीक स्क्रू खुपसला की झाली ‘नेको’ रिग. जड टोक खाली जातं, दुसरं टोक वर डुलत राहतं, जणू गांडूळ चिखलात तोंड खुपसून बसलंय.

ड्रॉप शॉट : वजन खाली, आमिष वर

हिवाळ्यात पाणी निवळतं आणि मासा खोल जातो. तळावर लोळणारं रबर गाळात दिसेनासं होतं. अशा वेळी उलटा विचार करा. गळ पालोमार गाठीने बांधा, पण शेपटाची दोरी दीड-दोन फूट लांब सोडा. ते शेपूट टोकाच्या बाजूने पुन्हा गळाच्या डोळ्यातून काढा, म्हणजे गळ दोरीला आडवा, टोक वर करून उभा राहतो. शेपटाच्या शेवटी वजन बांधा. लहान रबर नुसतं नाकात टोचा. वजन तळावर बसतं आणि रबर दीड फूट वर, माशाच्या डोळ्यांसमोर थरथरत राहतं. ही बांधणी जगभर गाजवली ती जपानी स्पर्धकांनी.

वजनासाठी दुकानात जायची गरज नाही. हार्डवेअरमधला लोखंडी नट पुरतो. तो साध्या, कच्च्या गाठीने बांधा. दगडात अडकला तर फक्त नट जाईल, गळ आणि रबर परत येईल.

शिशाऐवजी लोखंड वापरण्यामागे आणखी एक कारण आहे. तळावर पडलेलं शिसं पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. हंस मरू लागले म्हणून ब्रिटनने १९८७ सालीच गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घातली. आपल्या धरणांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, हे विसरू नका.

कॅरोलिना : दूरवर शोधायचं असेल तर

उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोठाले सपाट काठ उघडे पडतात आणि मासा कुठे आहे ते कळत नाही. तेव्हा जड वजन, त्यानंतर एक मणी, मग फिरकी, फिरकीपासून दोन-तीन फूट दोरी आणि शेवटी टेक्साससारखं ओवलेलं रबर. वजन तळ खरवडत, धूळ उडवत पुढे जातं आणि मागून रबर निवांत तरंगत येतं. फेक लांब जाते. काठी आडवी ओढत राहा. वजन दगडावर आदळलं की हाताला कळतं, चिखलात गेलं की कळतं. तळाचा नकाशाच तयार होतो. शिंगाड्यासाठीही ही बांधणी करून पाहण्यासारखी आहे.

एका अळीचे चार जन्म

आता पैशाची गोष्ट. पाकिटात रबरं मोजकीच असतात आणि मासा एका चाव्यात नाक फाडतो. फाटलं की फेकायचं, असं करू नका.

पहिला जन्म : नवी चार-पाच इंची अळी टेक्सास रिगला. नाक फाटलं?

दुसरा जन्म : तेवढं नाक कापून टाका, पुन्हा टेक्सास.

तिसरा जन्म : आता नाक धरतच नाही? मग वॅकी. तिथे कमर लागते, नाक नाही.

चौथा जन्म : कमरही फाटली? कात्रीने दोन तुकडे करा. अडीच इंचांचा तुकडा सपाट डोक्याच्या लहान जिगहेडवर सरळ ओवा. याला ‘नेड’ रिग म्हणतात. मुरमाड, स्वच्छ तळावर ती हळूहळू ओढायची.

त्यानंतरही उरलेला तुकडा पाण्यात टाकायचा नाही. ही रबरं बहुतेक पीव्हीसीची असतात, ती कुजत नाहीत. माशाने गिळली तर पोटात फुगून बसतात. रिकामी बाटली सोबत ठेवा, सगळे तुकडे त्यात. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची रबरं एका डब्यात कोंबू नका. काही प्लास्टिक एकमेकांना लागलं की वितळतं आणि उघडल्यावर आत नुसता चिकट काला सापडतो.

झटपट लक्षात ठेवायचं तर

बुडालेली झुडपं : टेक्सास.
वर जलपर्णी, खाली उथळ पाणी : बिनवजनी.
मोकळी कड, सावली, लाजरा मासा : वॅकी.
खोल, नितळ, थंड पाणी : ड्रॉप शॉट.
सपाट उघडा काठ, मासा कुठे ते माहीत नाही : कॅरोलिना.
फाटलेलं रबर आणि मुरमाड तळ : नेड.

गळ टाकण्याआधी

बांधण्या शिकलात, आता सगळ्यात महत्त्वाचं. धरण कुणाचंच नसतं असं आपल्याला वाटतं. पण धरणं-तलावांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. पाण्यात बीज सोडण्याचा खर्च ते करतात, त्यांचं घर त्यावर चालतं. आपल्यासाठी जो रविवारचा छंद आहे, ती त्यांची चूल आहे. म्हणून आधी संस्थेच्या माणसाला गाठा. ‘‘भाऊ, गळ टाकू का? कुठं बसू?’’ एवढं विचारलं की परवानगीचं काय ते कळतंच, वर मरळ कुठे बसते तेही कळू शकतं. पैनगंगा अभयारण्यात तर गळ काढायचाच नाही. इसापूरच्या जलाशयावरही अभयारण्य घोषित झालेलं आहे, तेव्हा तिकडे जाण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा.

दुसरी गोष्ट मरळीच्या पिल्लांची. पावसाळ्यात कधी पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा घोळका एकत्र वरखाली होताना दिसेल. त्यांच्या खालीच आई-बाप पहारा देत असतात. अशा वेळी मरळ काहीही समोर आलं तरी चावते. भूक लागली म्हणून नव्हे, पिल्लांवर हल्ला झाला म्हणून. त्या घोळक्यात रबर टाकलं तर मासा हमखास मिळतो, त्यात कसब काहीच नाही. पहारेकरी गेला की बाकीच्या मासोळ्या ती शेकडो पिल्लं काही वेळात संपवतात. एका फोटोसाठी पुढच्या दोन वर्षांची मरळ घालवायची का, हे तुम्हीच ठरवा. बाससुद्धा असाच घरट्यावर पहारा देतो, म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांत त्या काळात बास घरी नेता येत नाही. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. घोळका दिसला की दोरी गुंडाळा आणि जागा बदला.

मासा सोडायचा असेल तर पकडीने गळाचा उलटा दात आधीच दाबून टाका, गळ सहज निघतो. हात ओले करून मासा धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच त्याचं संरक्षण असतो. खायला न्यायचा असेल तर लागेल तेवढाच.

आणि तुमचा जीव. सांडव्यावर उभं राहायचं नाही. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळात उतरायचं नाही, वरून वाळलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत पाय जातो. अडकलेला गळ सोडवायला पोहत तर अजिबात जायचं नाही. अळी काही रुपयांची असते. एकट्याने जाऊ नका, घरी जागा सांगून जा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. अडकलेला गळ अचानक सुटला की थेट तोंडाकडे येतो.

या रविवारी एक करून पाहा. नवीन काहीच विकत घेऊ नका. घरातलं जुनं, फाटकं पाकीट काढा. बादलीभर पाण्यात प्रत्येक बांधणी सोडून बघा. कुठली सरळ पडते, कुठली फडफडते, कुठली डुलते, ते डोळ्यांनी दिसेल. रीलमध्ये जे दिसत नव्हतं, ते या बादलीत दिसतं. मग पुढच्या रविवारी धरणावर जा, आधी भाऊला विचारा आणि दहा मिनिटं नुसतं पाणी बघत बसा.